जागावाटप स्वयंपाकघरात : ब्रिटनचे मतदार निवडणुकीआधी नेमके कशावरून भांडतात?

जून २०२४ मधला शनिवार. लंडनमधल्या हॅरोला वहिनीकडे तिच्या धाकट्याचा वाढदिवस होता. केक कापून झाला, मुलं बागेत पळाली, आणि मोठ्यांच्या ताटात पावभाजी पडते न पडते तोच निवडणुकीचा विषय निघाला. मतदान ४ जुलैला होतं. ऋषी सुनक यांनी २२ मे रोजी भर पावसात पंतप्रधान निवासाबाहेर उभं राहून तारीख जाहीर केल्यापासून कुठल्याही घरात दुसरा विषय नव्हता.

वहिनी म्हणाली, "लेबर येणार हे ठरलेलंच आहे. मग मी टोरींना मत दिलं तर बिघडलं कुठे? विरोधात कुणीतरी धड नको का?" हेंडनला राहणारा माझा मावसभाऊ लगेच उसळला. "चौदा वर्षं दिली ना त्यांना? आईला गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का अजून?" ब्रिस्टलला शिकणारी भाची शांतपणे म्हणाली, "मी ग्रीनला देणार." त्यावर मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे मत पाण्यात!" मग माझी पाळी आली. मी राहते वोकिंगहॅमला. मी सांगितलं, "मला लेबर बरा वाटतो, पण मत लिबरल डेमोक्रॅट्सना देणार आहे." यावर तिघांनीही मला वेड्यात काढलं.

रात्री अकरापर्यंत हे चाललं. वहिनीने दोनदा चहा केला. एकमेकांचं कुणाला पटलं नाही. पण गाडी चालवत घरी येताना माझ्या लक्षात आलं की आम्ही चौघं चार वेगवेगळ्या निवडणुकांबद्दल बोलत होतो, आणि आपापल्या जागी चौघांचंही बरोबर होतं. भारतातून इथे आलेल्या माणसाला हा गुंता पहिल्यांदा उमगत नाही, म्हणून तो जरा सावकाश उलगडून सांगते.

आधी नावं. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतला हुजूर पक्ष, बोलताना टोरी. लेबर म्हणजे मजूर पक्ष. हे दोन जुने, मोठे. तिसरा लिबरल डेमोक्रॅट, थोडक्यात लिबडेम. त्याखेरीज नायजेल फराज यांचा रिफॉर्म यूके, पर्यावरणवाद्यांचा ग्रीन, स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टी, वेल्समध्ये प्लाइड कम्री. उत्तर आयर्लंडचं राजकारण तर पूर्ण वेगळं आहे, तिथले पक्षही वेगळे. त्यातला शिन फेन हा पक्ष जागा जिंकतो, पण ब्रिटनच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची नाही म्हणून लंडनच्या सभागृहात बसतच नाही.

आता नियम. हाउस ऑफ कॉमन्स म्हणजे इथली लोकसभा. तिथे ६५० जागा आहेत. प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो खासदार. निम्मी मतं मिळालीच पाहिजेत अशी अट नाही. दुसऱ्या नंबरवाल्याला काहीच मिळत नाही, मग तो एका मताने हरलेला असो की वीस हजारांनी. ३२६ जागा ज्या पक्षाकडे, त्याचा नेता पंतप्रधान. पंतप्रधानासाठी वेगळी मतपत्रिका नसते. टीव्हीवर दोन नेते समोरासमोर उभे राहून वाद घालतात, त्यामुळे आपण त्यांच्यातून एक निवडतो आहोत असं वाटतं, पण मतपत्रिकेवर नाव असतं ते आपल्या भागातल्या उमेदवाराचं.

हे सगळं आपल्याला ओळखीचं आहे, कारण आपली लोकसभेची पद्धत ब्रिटिशांकडूनच आलेली आहे. मतं फुटली, मतं खाल्ली, डिपॉझिट गेलं हे शब्द मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. २०१९ मध्ये औरंगाबादला अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांहून जास्त मतं घेतली, चंद्रकांत खैरे साडेचार हजारांच्या आतबाहेर मतांनी पडले आणि इम्तियाज जलील निवडून आले. त्यानंतर कितीतरी घरांत जे बोललं गेलं, अगदी तेच इथे दर निवडणुकीला बोललं जातं.

पण एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ त्या फरकात आहे. आपल्याकडे निवडणुकीआधी आघाड्या होतात. नेते हॉटेलात, बंगल्यावर बसतात, रात्र रात्र खल करतात आणि ठरवतात की ही जागा तुमची, ती आमची. रुसवेफुगवे, बंडखोरी सगळं होतं, पण मतदारासमोर येईपर्यंत जागावाटप झालेलं असतं. ब्रिटनमध्ये हे जवळजवळ होतच नाही. इंग्लंडमध्ये मोठे पक्ष बहुतेक सगळीकडे उमेदवार उभे करतात. एकमेकांसाठी जागा सोडणं हा अपवाद. १९९७ मध्ये टॅटन मतदारसंघात एका अपक्ष पत्रकारासाठी लेबर आणि लिबडेम दोघांनीही माघार घेतली होती. २०१९ मध्ये फराज यांच्या तेव्हाच्या ब्रेक्झिट पार्टीने टोरींकडे असलेल्या ३१७ जागांवर उमेदवार दिले नाहीत. असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके.

म्हणजे जे काम आपल्याकडे नेते करतात, ते इथे मतदाराला स्वतःच्या डोक्यात करावं लागतं. माझ्या भागात कोण जिंकू शकतो? मला नको असलेला माणूस पडायचा असेल तर मी कुणामागे उभं राहायचं? शेजारी काय करणार? त्याच्यावर भरवसा ठेवायचा का? वहिनीकडे त्या रात्री आम्ही करत होतो ते जागावाटपच होतं, फक्त चार वेगवेगळ्या जागांचं एकाच टेबलावर, आणि कुणी कुणाला नकाशा दाखवत नव्हतं.

चौघांच्या जागा एकेक करून बघू, म्हणजे नीट कळेल.

माझं वोकिंगहॅम. १९५० पासून, म्हणजे मतदारसंघ झाल्यापासून, इथे टोरींशिवाय कुणीच निवडून आलं नव्हतं. दुसऱ्या नंबरवर होते लिबडेम. लेबर तिसरा. मी लेबरला मत दिलं असतं तर मनाला बरं वाटलं असतं, टोरी उमेदवाराला त्याहून बरं वाटलं असतं. म्हणून माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी नाक मुरडत का होईना, लिबडेमच्या नावापुढे फुली मारली (इथे मत द्यायची खूण फुलीच असते), आणि ७४ वर्षांत पहिल्यांदा ही जागा टोरींच्या हातून गेली. याला इथे टॅक्टिकल व्होटिंग म्हणतात. आवडत्यासाठी नव्हे, नावडता पडावा म्हणून दिलेलं मत.

भाचीचं ब्रिस्टल सेंट्रल. तिथे टोरी शर्यतीतच नव्हते. लढत होती लेबर विरुद्ध ग्रीन. त्यामुळे "ग्रीनला मत म्हणजे पाण्यात" हे वाक्य हेंडनमध्ये कदाचित खरं असेल, ब्रिस्टलमध्ये साफ खोटं होतं. ग्रीनच्या तेव्हाच्या सहनेत्या कार्ला डेनियर यांनी लेबरच्या थंगम डेबोनेर यांना दहा हजारांहून जास्त मतांनी हरवलं. लेबरचं सरकार आलं तर मंत्री होतील असं ज्यांच्याबद्दल सगळे धरून चालले होते, त्या डेबोनेरबाई पक्षाच्या लाटेतच पडल्या.

वहिनीचं हॅरो ईस्ट. देशभर टोरींची धूळधाण होत असताना इथे बॉब ब्लॅकमन निम्म्याहून जास्त मतं घेऊन निवडून आले. हा भाग भारतीयांचा, त्यातही गुजराती हिंदूंचा मोठा. इथे वहिनीचं मत वाऱ्याबरोबर होतं आणि उरलेल्या देशाचा वारा उलटा होता.

आणि मावसभावाचं हेंडन. ही गोष्ट सांगताना मला अजून चुटपुट लागते. सगळ्यांत मोठ्याने भांडणारा हा. ४ जुलैला गुरुवार होता. इथे मतदानाची सुट्टी नसते, केंद्र सकाळी सातला उघडतं, रात्री दहाला बंद होतं. हा ऑफिसातून उशिरा निघाला, गाड्या लांबल्या, दहाच्या आत पोहोचेना, आणि "एका मताने काय होतंय, लेबर येतोच आहे" म्हणून सरळ घरी गेला. हेंडनमध्ये लेबरचा उमेदवार जिंकला. किती मतांनी? १५. त्याचा हवा तोच उमेदवार आला म्हणून त्याला हायसं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी फोनवर त्याचा आवाज उतरलेला होता. "असे घरी बसणारे आमच्या रस्त्यावर आणखी सोळा जण असते तर?" इतकंच म्हणाला. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पक्षांना हेंडनमध्ये मिळालेली मतं त्या १५ च्या कितीतरी पट होती. तिथे "माझं मत कुणाला खाणार" हा प्रश्न पोकळ नव्हता.

१५ वर हसू नका. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या नॉर्थ ईस्ट फाइफमध्ये निकाल २ मतांनी लागला. मे २०२५ च्या रनकॉर्न अँड हेल्सबी पोटनिवडणुकीत रिफॉर्मने लेबरची जागा ६ मतांनी घेतली. आपल्याकडे २०२४ लाच उत्तर-पश्चिम मुंबईत लाखांच्या मतदानात ४८ मतांनी निकाल लागला होता, ते आठवत असेलच.

आता मोठं चित्र. २०२४ चे आकडे समोर ठेवले की लोक एवढे का चिडतात हे कळतं. लेबरला ३३.७ टक्के मतं आणि ४११ जागा. म्हणजे तीन मतदारांतल्या एकाने दिलेल्या मतांवर सभागृहाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग. टोरींना २३.७ टक्के आणि १२१ जागा. रिफॉर्मला १४.३ टक्के, जागा ५. लिबडेमना त्याहून कमी, १२.२ टक्के, आणि जागा ७२. हे पुन्हा वाचा. रिफॉर्मला ४१ लाख मतं, लिबडेमना ३५ लाख. तरी जागा ५ विरुद्ध ७२. कारण रिफॉर्मची मतं देशभर पातळ पसरलेली होती, भाकरीवर तुपाचा हात फिरवावा तशी, आणि लिबडेमनी दक्षिण इंग्लंडमधले ठरावीक मतदारसंघ हेरून सगळा जोर तिथेच लावला होता. हिशेब केला तर लेबरचा एक खासदार साधारण २३ हजार ६०० मतांत आला. रिफॉर्मचा एक खासदार साधारण ८ लाख २० हजार मतांत.

त्याहून चक्रावणारी गोष्ट. लेबरला २०२४ मध्ये ९७ लाख मतं पडली. २०१९ मध्ये, जेव्हा तो पक्ष दारुण हरला आणि २०२ जागांवर आला, तेव्हा त्याला पडली होती १ कोटी ३ लाख. मतं कमी झाली आणि जागा दुप्पट झाल्या! कारण समोरची मतं फुटली. टोरींना वैतागलेले लोक काही रिफॉर्मकडे गेले, काही लिबडेमकडे, काही घरीच बसले. मतदान साधारण ६० टक्के झालं. "प्रचंड विजय" असे मथळे दुसऱ्या दिवशी छापून आले, आणि जागा पाहिल्या तर ते खरंच होतं. पण सरकारच्या पाठीशी देश किती आहे हे मथळ्यावरून समजून घेतलं तर फसायला होतं. नंतर वर्षभरातच लेबर सरकार इतकं नावडतं कसं झालं, असं भारतातले नातेवाईक विचारतात. त्याचं अर्धं उत्तर त्या ३३.७ मध्ये आहे.

ही काही नवी गोष्ट नाही. १९५१ मध्ये लेबरला टोरींपेक्षा जास्त मतं मिळाली आणि तरी चर्चिल पंतप्रधान झाले. १९८३ मध्ये लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या युतीला २५.४ टक्के मतांवर २३ जागा मिळाल्या, आणि लेबरला जेमतेम दोन टक्के जास्त मतांवर २०९. २०१५ मध्ये युकिप या ब्रेक्झिटवादी पक्षाला ३९ लाख मतं आणि एक खासदार, त्याच वेळी स्कॉटिश नॅशनल पार्टीला १५ लाखांच्या आत मतं आणि ५६ खासदार. दर वेळी रडणारा पक्ष वेगळा असतो. जिंकलेला पक्ष मात्र पद्धतीबद्दल कधीच तक्रार करत नाही.

पद्धत बदलायची संधी लोकांना एकदा मिळाली होती. मे २०११ मध्ये जनमत घेतलं गेलं. प्रस्ताव असा होता की उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा, पहिला, दुसरा, तिसरा. सर्वांत कमी मतं पडलेला बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला, असं करत कुणालातरी निम्म्याच्या वर न्यायचं. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत पसंतीची मतं असतात, त्याच्याच जातकुळीतलं. ६८ टक्के लोकांनी नकार दिला. मतदानाला आले होते साधारण ४२ टक्केच.

मी स्वतः बदलाच्या बाजूची आहे, ते लपवून ठेवत नाही. मला माझ्या आवडत्या पक्षाला मत देता येत नाही आणि नावडत्याच्या भीतीने मत द्यावं लागतं, हे मला लोकशाहीतलं मोठं दुखणं वाटतं. तरी दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मला खरंच पटतं, आणि ते इथे राहूनच पटलं. आपला एक ठरलेला खासदार असणं. इथले खासदार आपल्या भागात नेमाने लोकांना भेटायला बसतात, त्याला सर्जरी म्हणतात. नावावरून दवाखाना वाटतो, पण असतं एखाद्या वाचनालयातलं किंवा चर्चच्या हॉलमधलं टेबल, दोन खुर्च्या, आणि समोर फाइल घेऊन बसलेली माणसं. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या नवऱ्याचा व्हिसाचा अर्ज महिनोन्‌महिने अडकला होता, फोन लागत नव्हता, मेलला उत्तर नव्हतं. त्या सर्जरीला गेल्या. खासदाराच्या ऑफिसने एक पत्र लिहिलं आणि तीन आठवड्यांत निकाल आला. त्यांनी त्या खासदाराच्या पक्षाला कधीच मत दिलेलं नव्हतं. त्यांना ते कुणी विचारलंही नाही.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते, कारण भारतीय घरांतले अर्धे वाद त्याच्यावरून असतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये कुशल कामगारांच्या व्हिसासाठी किमान पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली. जोडीदाराला आणायचं तर उत्पन्नाची अट १८,६०० वरून २९,००० पौंड. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार तर त्याआधी फेब्रुवारीतच वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ झाला होता. त्या रात्री आमच्या टेबलावर खरी ठिणगी इथेच पडली. वहिनीचं म्हणणं, आम्ही वीस वर्षं कर भरला, रांगेत उभे राहिलो, येणाऱ्यांना शिस्त हवीच. भाचीचे डोळे भरून आले. तिच्या वर्गातली अर्धी मुलं नोकरीच्या पगाराचा आकडा गाठण्याच्या धास्तीत होती. एकाच घरात, एकाच भाषेत बोलणारी माणसं, पण एकीच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट आणि दुसरीच्या हातात दोन वर्षांचा व्हिसा. "भारतीय लोक अमुक पक्षाला मत देतात" असं जेव्हा कुणी ठोकून देतं, तेव्हा मला ही दोघी आठवतात.

आणि ही विभागणी आजची नाही. ब्रिटिश संसदेत सुरुवातीच्या काळात निवडून गेलेले तीन भारतीय खासदार मुंबईशी जोडलेले पारशी होते, आणि तिघं तीन दिशांचे. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून लिबरल पक्षातर्फे आले, तेही इतक्या थोड्या मतांनी की मताधिक्य एक आकडी होतं. मंचेरजी भावनगरी १८९५ मध्ये बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षाचे. शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये बॅटरसी नॉर्थमधून, लेबरच्या पाठिंब्यावर आलेले कम्युनिस्ट. या तिघांना एका टेबलावर बसवलं असतं तर वहिनीला दोनदा नव्हे, रात्रभर चहा करावा लागला असता.

मग मतदाराला आपल्या भागात कोण जिंकू शकतो हे कळतं कसं? इथे जरा सावध राहावं लागतं. निवडणूक जाहीर झाली की दारातल्या फटीतून पत्रकं पडू लागतात. त्यांतल्या बहुतेकांवर खांबांचा आलेख असतो. दोन उंच खांब, एक ठेंगू, आणि ठेंगूवर बाण मारून लिहिलेलं, "यांना इथे जिंकणं शक्य नाही." माझ्या दारात आलेलं एक पत्रक मी मुलाच्या पट्टीने मोजलं. दोन पक्षांत जेवढ्या टक्क्यांचा फरक लिहिला होता, त्याच्या मानाने खांब भलताच उंच काढला होता. शिवाय खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे आकडे नगरपालिकेच्या निवडणुकीचे आहेत. जवळजवळ सगळेच पक्ष हे करतात. म्हणून खांबांकडे न बघता खालची बारीक अक्षरं आधी वाचायची: कुठली निवडणूक, कुठलं वर्ष, आणि मतदारसंघाची हद्द तीच आहे का. २०२४ च्या आधी हद्दी बदलल्या होत्या, त्यामुळे जुना निकाल जसाच्या तसा लावता येत नव्हता.

एकदा का लोकांना नेमकं कोण पुढे आहे हे कळलं, की काय होऊ शकतं ते वेल्समधल्या केअरफिलीने दाखवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे वेल्सच्या संसदेच्या जागेची पोटनिवडणूक झाली. शंभर वर्षं लेबरचा गड. रिफॉर्म जोरात होता. लेबर घसरतो आहे हे लोकांनी ओळखलं आणि रिफॉर्म नको असणारे प्लाइड कम्रीमागे एकवटले. प्लाइडला ४७ टक्के, रिफॉर्मला ३६, आणि लेबरला ११. कुठल्याही दोन पक्षांनी हातमिळवणी केली नव्हती. जागावाटप लोकांनीच केलं.

पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ पर्यंत कधीही होऊ शकते. तारीख पंतप्रधान ठरवतात. या वेळी दोन नव्हे, पाच पक्ष शर्यतीत असतील अशी चिन्हं आहेत. त्यामुळे २५-३० टक्क्यांवरही एखादी जागा निघू शकते, आणि कोण दुसरा, कोण तिसरा हेच धड कळणार नाही. घराघरांतले वाद वाढतील ते यामुळे. वाद घालताना एवढंच करा, समोरच्याला आधी पोस्टकोड विचारा. तो कळला की अर्ध्या वेळा भांडायचं कारणच उरत नाही.

एक गोष्ट मात्र अजून खूप जणांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला इथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून हा हक्क आहे, विद्यार्थी व्हिसावर असलात तरी. वय १८ पूर्ण हवं. ते १६ वर आणण्याचं सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. नाव मात्र स्वतः नोंदवावं लागतं, ऑनलाइन पाच मिनिटांत होतं, आणि मतदानाच्या साधारण अडीच आठवडे आधी मुदत संपते. घर बदललं की पुन्हा नोंदवायचं. केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो. कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. हा नियम आणणाऱ्या सरकारचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन स्वतः मे २०२४ मध्ये ओळखपत्र विसरले आणि त्यांना केंद्रावरून परत जावं लागलं होतं, तेव्हा कुणाला सवलत नाही.

आमच्या भाचीलाही आधी हे खरं वाटलं नव्हतं. वाढदिवसाच्या त्या रात्री वहिनी म्हणाली होती, "तू कसली मत देणार, तू तर भारतीय!" तिथल्या तिथे फोनवर नियम वाचून दाखवावा लागला, आणि १८ जूनची मुदत संपायच्या आत तिने नाव नोंदवलं. ४ जुलैला संध्याकाळी ब्रिस्टलमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ती गेली. दारात एका पक्षाचा बिल्ला लावलेले आजोबा मतदार यादीतला नंबर विचारत होते, ती घाबरली. ते पक्षाचे कार्यकर्ते असतात, कोण येऊन गेलं ते टिपून घेतात, त्यांना काही सांगायची सक्ती नसते. आत टेबलामागच्या बाईंनी तिचा पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, आडनाव दोनदा चुकीचं उच्चारलं, तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं आणि यादीतल्या नावावर रेघ मारली. बोटाला शाई नाही, यंत्राचा बीप नाही. लाकडी आडोसा, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि नावांचा लांबच लांब कागद. तिने फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर येऊन मला फोन केला. "मावशी, पुसली तर नाही ना जाणार पेन्सिल?"